फसलेला प्लॉट गटात का दिसत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांनी २०१७ साली आपल्या भागातल्या द्राक्षवाल्यांचा व्हॉट्सॲप गट काढला. आज सभासद साडेनऊशेच्या वर आहेत. सुरुवातीची तीन वर्षं रोज काहीतरी शिकायला मिळायचं. आता सकाळी सुविचार, दुपारी जाहिराती, रात्री राजकारण. जाणती मंडळी गप्प झाली, काही निघून गेली. ते विचारतात: गट बंद करू, की ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ करून टाकू? काही भलतंसलतं आलं तर पोलीस मलाच धरतील का? आणि जाता जाता एक: अशा गटांनी लोकांचं मत खरंच बनतं का, की वाचून सगळे शेवटी आपलंच करतात?

दादा, तुम्ही जाता जाता विचारलेला प्रश्नच मुख्य आहे. त्याचं उत्तर आधी देतो, बाकीची आपोआप सुटतील.

माझी ओळख एवढीच की २००६ पासून एका मराठी संस्थळावर चर्चांचे धागे राखायचं बिनपगारी काम केलं. आयडी-डुआयडी (एकाच माणसाची दुसरी, खोटी नावं), काडी टाकून पळणारे, धागा उडवला म्हणून रात्री दोनला पत्र लिहिणारे, सगळं बघून झालं. २०१४ पासून निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षाचे दोन गट सांभाळतो. माझी स्वतःची चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे गटात चुकीचं काही चाललं तर त्याची किंमत मलाही मोजावी लागते.

मत बनतं. आणि ते कसं बनतं हे मला एका डिसेंबरात कळलं.

आमच्या गटात एकाने फोटो टाकला. तळहातावर घड, मण्याला व्हर्नियर लावलेला, आकडा दिसेल असा धरलेला: १८ एमएम. खाली एका टॉनिकचं आणि जीए या वाढीच्या संजीवकाचं मिश्रण, लिटरला किती, कोणत्या वेळी मारलं, सगळं लिहिलेलं. त्याची छाटणी आगाप, सप्टेंबरातली. बाकीच्यांचे प्लॉट महिनाभर मागे, म्हणजे घड संजीवकात बुडवायच्या दुसऱ्या डिपिंगच्या तोंडावर. संध्याकाळपर्यंत ‘भाऊ नंबर पाठवा’, ‘एकरी किती लागतं’ असे चाळीसेक मेसेज आले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावात ती बाटली मिळेना.

आठ-दहा दिवसांनी रात्री पावणेबाराला मला खाजगीत एक फोटो आला. मण्यांवर तपकिरी चट्टे, घडाच्या वरच्या पाकळीला जास्त. खाली लिहिलं होतं, ‘सर, ते मारलं त्याचं हे. गटात टाकू नका, माझं नाव घेऊ नका.’ मी विचारलं, का नको? उत्तर आलं, ‘लोक म्हणतील याला मिक्सिंग येत नाही.’ पुढच्या दोन दिवसांत असेच आणखी पाच जण. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याकडेच बिघडलं.

आणि गटात काय चाललं होतं? तोच १८ एमएमचा घड फिरत होता. एकाने तर तो डीपीला लावला होता, स्वतःच्या बागेतला नसताना.

आता हिशोब बघा. गटातल्या लोकांसमोर आलेला पुरावा: एक यश, अपयश शून्य. माझ्या फोनमध्ये पडलेला पुरावा: एक यश, सहा अपयशं. यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. फोटो खरा, घड खरा, मिश्रणही त्याने खरंच मारलेलं. (नंतर त्याच्या प्लॉटवर जाऊन आलो. त्याने वेलीवर घडच कमी ठेवले होते. मणी फुगायला तेवढं पुरेसं होतं, टॉनिकची गरजच नव्हती.) तरी गटाचं मत चुकीचं बनलं, कारण यशाला फोटो असतो आणि फसलेला माणूस लाजतो.

माणूस असं का करतो यावर जुनं संशोधन आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजातली पोरं बसवली आणि कार्डावरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब आहे ते विचारलं. उत्तर आंधळ्यालाही कळावं इतकं सोपं. फक्त बाकी सगळे शिकवून बसवलेले होते आणि ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या परीक्षार्थीने अशा वेळी सुमारे एकतृतीयांश वेळा डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाचं उत्तर दिलं. मला महत्त्वाचा वाटतो तो याचा पुढचा भाग, जो लोक सांगायचा विसरतात. त्या शिकवलेल्या टोळक्यात एकाला जरी खरं बोलायला लावलं, तरी परीक्षार्थीच्या चुका पाव हिश्श्यावर आल्या. बहुमत तेवढंच, कार्डं तीच, आधीच ‘मला वेगळं दिसतंय’ म्हणणारा फक्त एक माणूस वाढला.

दुसरा अभ्यास अलीकडचा, २०१३ चा. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी लाखभर प्रतिसाद घेतले आणि काहींना आल्या आल्या गुपचूप एक खोटा ‘आवडलं’ देऊन ठेवला. पुढे येणाऱ्या पहिल्या वाचकाने त्या प्रतिसादांना ‘आवडलं’ देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. एका अंगठ्याने एवढं होतं. खोट्या ‘नावडलं’चा परिणाम मात्र टिकला नाही, नंतरच्यांनी तो भरून काढला. म्हणजे चर्चा फुगते ती कौतुकाच्या बाजूने. आपल्या गटात फोटोखाली पहिला अंगठा बहुतेक वेळा कोणाचा असतो ते जरा बघा. दुकानदाराचा असतो.

कोणी म्हणेल मोबाईलने बिघडवलं. मला तसं वाटत नाही. २०१० चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. तेव्हा व्हॉट्सॲप कुठे होतं? सीसीसी एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर शेंडा रोखायला, घडनिर्मितीला मारायचं. एप्रिल-मेमध्ये मारलेलं जानेवारीत मण्यात कुठून येणार, हे तेव्हा बांधावर, चहाच्या टपरीवर, दुकानाच्या बाकड्यावर सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो. शंका असणारे होते, पण त्यांच्या शंकेला बसायला जागा नव्हती. मोबाईलने एवढंच केलं की जे मत पसरायला तीन हंगाम लागायचे ते आता तीन तासांत पसरतं.

तीन तासांत पसरण्याचं टोक कुठे जातं तेही सांगतो, मग बागेत परत येऊ. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडची भिक्षेकरी माणसं होती. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांचे मेसेज त्या आठवड्यांत महाराष्ट्रभर फिरत होते. माझ्या गटातही दोन आले होते. मी ते वाचले, विषय द्राक्षाचा नाही म्हणून दुर्लक्ष केलं. ‘हे कुठलं, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे’ एवढा एक प्रश्न खाली लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. लिहिला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली, २०२० मध्ये फार फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतील असं केलं. त्याने वेग कमी झाला. आपल्या गटात आलेल्या मेसेजखाली प्रश्न विचारायचं काम मात्र कंपनी करू शकत नाही.

म्हणून गट निरोगी आहे की नाही हे मी भांडणं मोजून ठरवत नाही. शुभेच्छांचे मेसेज किती येतात यावरही नाही. माझं माप एकच आहे: गेल्या महिन्यात किती जणांनी उघडपणे लिहिलं की ‘माझ्याकडे हे चाललं नाही’. तुमच्या गटात ते शून्य असेल तर भांडण नसलेला तो गट भांडणाऱ्या गटापेक्षा जास्त आजारी आहे, कारण तिथून निघणारं प्रत्येक मत अर्ध्या पुराव्यावर उभं आहे.

तुम्ही आज रात्री एक करा. मागचे दोनशे मेसेज वहीवर रेघा ओढून मोजा. पाच रकाने: प्रश्न, स्वतःचा अनुभव, फॉरवर्ड, विक्री, शुभेच्छा-सुविचार. अनुभवाच्या रकान्यात यश आणि अपयश वेगळं मांडा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा अपयशाच्या खान्यात एकच रेघ होती, आणि तीही गारपिटीची. गारपिटीत कोणाची लाज जात नाही ना.

आता ते अपयश बाहेर कसं काढायचं. ‘मोकळेपणाने लिहा’ असं आवाहन करून काही होत नाही, मी दोन वर्षं करून पाहिलं. माणूस पहिला उघडा पडायला तयार नसतो, ॲशच्या त्या पोरांसारखाच. पहिला उघडा ॲडमिनने पडायचं. आमच्याकडे सोमवारी सकाळी ‘फसलेलं’ असतं. पहिले चार सोमवार मी माझंच टाकलं: पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटताना, पाऊस झाला असताना दोन दिवस फवारणी लांबवली आणि डाऊनी रोगाने घड नेले, तो फोटो. फवारणीच्या ब्लोअरचा नोझल अडकलेला कळलाच नाही आणि मधल्या तीन ओळी भुरीने पांढऱ्या झाल्या, तो फोटो. पाचव्या सोमवारी दुसऱ्या माणसाने टाकला. त्या पाचव्या सोमवारची वाट बघायचा धीर मात्र ठेवावा लागतो. चौथ्या सोमवारी दोघांनी मला ‘सर, तुमची बाग यंदा गेली का’ म्हणून काळजीने फोन केला होता.

ज्यांना नावानिशी लिहायचं नाही त्यांचं मी बिननावाने टाकतो. ‘एका सभासदाचा अनुभव, छाटणीनंतर ६५ वा दिवस, डॉगरीज खुंट, हे मिश्रण, हे चट्टे.’ नाव गेलं तरी माहिती गेली नाही पाहिजे. त्या डिसेंबरात मी हे केलं नव्हतं, सहा जणांचा शब्द पाळून गप्प बसलो. आजही बोचतं.

अनुभव लिहिणाऱ्याला आम्ही तीन गोष्टी विचारतो. किती क्षेत्रावर मारलं, छाटणीनंतर कितवा दिवस होता, आणि शेजारी एखादी ओळ न मारता कोरी ठेवली होती का. तिसरा प्रश्न सगळ्यांना जड जातो. कोरी ओळ ठेवणारे दहांत एक निघतात. पण तो प्रश्न रोज विचारला गेला की वाचणाऱ्यांच्या डोक्यात आपोआप बसतं: कोरी ओळ नाही, मग हा रिझल्ट औषधाचा की थंडी कमी पडल्याचा, कोणास ठाऊक. रोमात राहून नुसतं वाचणारे कोणत्याही गटात बहुसंख्य असतात, आणि मत बनतं ते त्यांचंच. लिहिणारे पन्नास, ऐकून औषध मारणारे नऊशे. नियम लिहिणाऱ्यांसाठी असले तरी फायदा वाचणाऱ्यांना होतो, हे ध्यानात ठेवून नियम करा.

नियम म्हटलं की लोक घाबरतात, नवीन माणूस बुजेल म्हणतात. उलटं आहे. रेडिटवर विज्ञानाचा एक प्रचंड गट आहे, तेव्हा १ कोटी ३० लाख सभासद असलेला. तिथे काही चर्चांच्या डोक्यावर नियम ठळक लावले, काहींवर नाही, आणि फरक मोजला. २०१९ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात नियम लावलेल्या ठिकाणी नियम पाळणारे नवखे शंभरात आठांहून जास्त वाढले आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. पंगतीला नवीन आलेल्या माणसाला कुठे बसायचं ते सांगितलं की तो बसतो, नाहीतर दारातच घुटमळतो. गटाच्या वर्णनात पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नका, आणि पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची शिफारस यादी गटात पिन करून ठेवा. औषधाचं नाव निघालं की त्या यादीत आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, एवढं कोणीतरी खाली लिहितंच मग.

विक्रीवाल्यांना हाकलू नका. दुकानदार, कंपनीचा प्रतिनिधी, एकरी फी घेणारा सल्लागार, यांना बऱ्याचदा आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. ते रोज पंचवीस प्लॉट बघतात. फक्त त्यांनी नावापुढे धंदा लिहायचा: दुकान, कंपनी किंवा सल्लागार. आमच्याकडे हा नियम लावला तेव्हा अकरा जण न सांगता बाहेर पडले. त्यातल्या दोघांना मी चार वर्षं शेतकरी समजत होतो! जे राहिले त्यांची उत्तरं सुधारली, कारण आता चुकीचं सांगितलं तर नाव दुकानाचं जातं.

भांडणांबद्दल थोडक्यात. भांडखोर माणसं असतात हे खरं, पण भांडणं बहुतेक वेळा साध्या माणसांची होतात. २०१७ च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना आधी सोपी किंवा अवघड चाचणी देऊन मूड चांगला किंवा वाईट केला, मग वर साधे किंवा कुत्सित प्रतिसाद असलेल्या चर्चेत लिहायला लावलं. मूड चांगला आणि वरचे प्रतिसाद साधे, तेव्हा ३५ टक्के लोकांनी वाकडं लिहिलं. मूड वाईट आणि वरचे प्रतिसाद कुत्सित, तेव्हा ६८ टक्के. माणसं दोन्हीकडे सारखीच होती. बेमोसमी पाऊस पडून गेलेल्या रात्री अख्खा तालुका वाईट मूडमध्ये असतो. त्या रात्री, फक्त त्या रात्री, मी दहानंतर ‘फक्त ॲडमिन’ करतो आणि सकाळी सहाला उघडतो. पहिला कुत्सित मेसेज मात्र लगेच काढायचा आणि त्या माणसाला खाजगीत फोन करायचा. गटात सुनावायचं नाही. गटात सुनावलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर घरी बायको-पोरांनी वाचलेलं असतं.

कायमचं ‘फक्त ॲडमिन’ करू नका. त्याने गटाचा फलक होतो, आणि फलकाखाली ‘माझ्याकडे चट्टे पडले’ असं कोणाला लिहिता येत नाही. हवंच असेल तर सूचनांचा वेगळा गट काढा: हवामान, बाजारभाव, मीटिंगा. राजकारण करायचं त्यांनाही वेगळा गट काढून द्या, हौसेने. आमच्या त्या गटाचं नाव ‘पार’ आहे. सव्वाशे जण तिकडे गेले, खूश आहेत.

पोलिसांची भीती: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की सभासदाने काही आक्षेपार्ह लिहिलं म्हणून नुसत्या ॲडमिनपदामुळे ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, त्याचा आधीपासून त्यात सामायिक हेतू किंवा ठरवून सहभाग असला पाहिजे. म्हणून डोळे मिटून बसा असं नव्हे. पण रात्री झोप उडावी असंही काही नाही.

निघून गेलेल्या जाणत्यांना परत आणायचं असेल तर गटाच्या लिंकने येणार नाहीत. एकेकाला फोन करा आणि विचारा, का गेलात. मी सात जणांना केला होता. राजकारणाला किंवा सुविचारांना कंटाळून गेलेला त्यात एकच निघाला. बाकीच्यांचं म्हणणं जवळजवळ एकच होतं: ‘एकदा म्हटलं हे मारू नका, तर तिघे अंगावर आले, आणि तुम्ही काही बोलला नाहीत.’ तुम्हालाही बहुधा हेच ऐकायला मिळेल. तेव्हा समर्थन करू नका, ऐकून घ्या. पुढच्या वेळी कोणी असं एकटं पडलं की त्याच्याशी सहमत असा-नसा, खाली एवढंच लिहा: ‘यांचं म्हणणं पूर्ण होऊ द्या. अजून कोणाकडे असं झालंय का?’ त्या दुसऱ्या वाक्यावर आमच्या गटात एकदा रात्रीत नऊ फोटो आले होते.

गट बंद करायचा विचार या हंगामापुरता बाजूला ठेवा. तुमच्याकडे फळासाठीच्या गोडी बार छाटण्या सुरू होतील तेव्हा पहिल्या सोमवारी तुमचा मागच्या वर्षीचा फसलेला प्लॉट टाका. फोटो जवळून घ्या, चट्टे दिसले पाहिजेत, आणि खाली तारीख, छाटणीनंतरचा दिवस आणि मारलेलं औषध लिहा. मिक्सिंग चुकलं असेल तर तेही.